ॲव्हलॉनचा जॉन हर्ट: पस्तीस वर्षं हरवला होता की घरीच होता?

सहावी_तार

मंडळी, गेले आठ महिने मी एकच गोष्ट घोटते आहे. गिटारवर सी कॉर्ड धरायचा. उजव्या हाताच्या अंगठ्यानं पाचवी तार, मग चौथी, पुन्हा पाचवी, पुन्हा चौथी, अजिबात न थांबता. हा झाला ठेका. त्याच वेळी तर्जनी आणि मधलं बोट बारीक तारांवर गाण्याची चाल काढणार. हात एक, कामं दोन. चाल जरा अवघड वळणावर आली की माझा अंगठा तिच्या मागे धावतो आणि ठेका कोसळतो.

ज्याच्यामुळे हा नाद लागला त्या माणसाबद्दल आज लिहायचं आहे. जॉन स्मिथ हर्ट, अमेरिकेतला काळा गायक आणि गिटारवादक. जगाला ठाऊक आहे ते नाव मिसिसिपी जॉन हर्ट.

मिसिसिपी राज्यात डेल्टाचा सपाट, कापसाचा मुलूख जिथे संपतो आणि टेकड्या सुरू होतात, तिथे कॅरोल काउंटीत ॲव्हलॉन नावाची वस्ती आहे. गाव म्हणावं इतकीही मोठी नाही. त्याच काउंटीत टीओक इथे १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉनचा जन्म झाला आणि लहानपणीच घर ॲव्हलॉनला आलं. घरी एक गिटारवाला माणूस मुक्कामाला यायचा. तो झोपला की हे पोर त्याची गिटार गुपचूप वाजवत बसायचं. पुढे आईनं दीड डॉलरला गिटार घेऊन दिली, तेव्हा तो नऊएक वर्षांचा होता. शिकवायला कुणी नाही. म्हातारपणी लोक विचारायचे, ही पद्धत कुणाची? तर तो सांगायचा, गिटार जशी वाजायला हवी असं मला वाटलं तशी मी वाजवत गेलो.

पोटापाण्याला शेतमजुरी, काही महिने रेल्वेच्या रुळांवर काम, आणि शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरी नाच असला की गिटार. विली नारमूर नावाचा गोरा फिडलवादक (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) तिथला. त्याचा नेहमीचा साथीदार शेल स्मिथ नसला की १९२३ च्या सुमारास जॉन त्याच्याबरोबर वाजवायचा. हाच नारमूर पुढे फिडलच्या स्पर्धेत जिंकला आणि ओके रेकॉर्ड कंपनीचे टॉमी रॉकवेल त्याला भेटायला आले. त्यानं सांगितलं, इथे एक जॉन हर्ट आहे, त्याला ऐका.

१४ फेब्रुवारी १९२८, मेम्फिस. भला मोठा हॉल, त्यात रॉकवेल, एक तंत्रज्ञ आणि जॉन. खुर्चीत बसवून मायक्रोफोन तोंडाशी आणला आणि सांगितलं, आता डोकं हलवायचं नाही. मान इतकी ताठ धरावी लागली की पुढे कित्येक दिवस दुखत होती, असं तो नंतर सांगायचा. आठ गाणी झाली, कंपनीनं दोनच बाजारात आणली. नावामागे 'मिसिसिपी' लावलं तेही कंपनीनं, खप व्हावा म्हणून. गावात तो नुसता जॉन हर्ट होता.

डिसेंबरात त्याला न्यू यॉर्कला बोलावलं. २१ आणि २८ तारखेला ध्वनिमुद्रण झालं. तिथे घरची आठवण येऊन त्यानं 'ॲव्हलॉन ब्लूज' केलं (ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचा गाण्याचा प्रकार). ॲव्हलॉन माझं गाव, सदा माझ्या मनात. न्यू यॉर्क चांगलं आहे, पण ते माझं नाही. तीन मिनिटांचं गाणं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

रेकॉर्डी फारशा खपल्या नाहीत. १९२९ च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला, मंदी आली, रेकॉर्डचा धंदा बसला. जॉन ॲव्हलॉनला परत जाऊन शेती आणि गुरं बघू लागला. बाहेरच्या जगात त्याच्याबद्दल पुढची चौतीस वर्षं कुणी काही ऐकलं नाही.

मार्च १९६३. टॉम हॉस्किन्स नावाचा वॉशिंग्टनचा एक तरुण, जुन्या रेकॉर्डींचा वेडा. 'ॲव्हलॉन ब्लूज'ची टेप हाती आलेली. एका जुन्या नकाशावहीत त्याला मिसिसिपीतलं ॲव्हलॉन सापडलं. गाडी काढून तो तिथे गेला, दुकानात विचारलं, आणि सत्तरीचा जॉन हर्ट त्याला सापडला. त्याच वर्षी जुलैत न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सव, लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ध्वनिमुद्रण, मग कॉफीहाऊसं, कॉलेजं, नवे अल्बम. २ नोव्हेंबर १९६६ ला मिसिसिपीतच ग्रेनाडा इथे तो गेला. जेमतेम साडेतीन वर्षं मिळाली.

आता माझा प्रश्न. जिथे वाचावं तिथे लिहिलेलं असतं की जॉन हर्ट 'हरवला' होता आणि त्याचा 'शोध लागला'. मला हे शब्द टोचतात. हॉस्किन्सनं स्वतः सांगितलेली हकीकत अशी की दुकानातल्या लोकांनी लगेच रस्ता दाखवला: या वाटेनं जा, टेकडीवर तिसरी टपालपेटी. ज्याची टपालपेटी सगळ्या गावाला पाठ आहे तो माणूस हरवलेला कसा?

---

जुनी_तबकडी

फार आवडीचा विषय काढलात. वाचनखूण साठवली, आणि थोडी भर घालतो.

त्या काळी कंपन्या गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या रेकॉर्डी वेगळ्या याद्यांमध्ये विकत. काळ्यांसाठी 'रेस रेकॉर्ड्‌स'. हर्टच्या रेकॉर्डी त्या यादीत गेल्या. आता ऐकून बघा. 'फ्रँकी' हे कथागीत, 'स्टॅक ओ'ली' हेही कथागीत, शिवाय दोन भक्तिगीतं. शेजारचे नारमूर आणि स्मिथ साधारण याच मुलखाचं, याच नाचांचं संगीत वाजवत. 'कॅरोल काउंटी ब्लूज' ही त्यांची १९२९ ची फिडलची धून खूप गाजली, आणि ती विकली गेली गोऱ्यांच्या यादीत. एकाच आवारात वाजणारं संगीत कंपनीच्या कचेरीत गेल्यावर दोन कप्प्यांत पडलं.

१९२८ ची त्याची एकूण तेरा गाणी आज ऐकायला मिळतात, सगळी मिळून चाळीसएक मिनिटं. एका बाजूला तीन मिनिटं एवढीच तबकडीची ऐपत. नाचात हेच गाणं पंधरा मिनिटं चालत असेल, रेकॉर्डीसाठी ते कापून बसवावं लागे. हर्टचं कसब असं की कुठेही काटछाट जाणवत नाही. चाल सुरू होते, जणू आधीपासून चालूच होती, आणि संपते तेव्हा पुढच्या खोलीत चालूच असावी असं वाटतं.

आणखी एक. मधल्या काळात तो अगदीच विस्मरणात गेला असंही नाही. १९५२ साली हॅरी स्मिथ यांनी अमेरिकन लोकसंगीताचा मोठा संच काढला, त्यात 'फ्रँकी' आणि 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज' ही दोन गाणी होती. न्यू यॉर्क-बोस्टनची पोरं तो संच ऐकत गिटार शिकली. ती त्याला मेलेला समजत होती आणि तो तेव्हा ॲव्हलॉनला गुरं राखत होता.

---

पांढरं_सोनं

मला ब्लूजमधलं काही कळत नाही, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या घरातला आहे म्हणून लिहितो. धागाकर्तीनं 'शेती' म्हटलं आहे. ती बटईची होती ना? जमीन मालकाची, कष्ट आपले, पीक निम्मं-निम्मं? आणि मधल्या काळात बी-बियाणं, किराणा मालकाच्या दुकानातून उधारीवर?

आमच्याकडे कापूस वेचणीला बायका ओटी बांधून जातात. बोंडाच्या टोकाला वाळलेल्या पाकळ्या सुईसारख्या टोचतात, नखाशेजारची कातडी फाटते. दिवसभर वेचून आलेल्या हाताला संध्याकाळी भाकरी थापतानाही आग होते. तुम्ही त्या अंगठ्याबद्दल लिहिलंत आणि मला पहिल्यांदा हेच सुचलं की त्या बोटांनी हा माणूस वाजवायचा तरी कसा.

आणि एक. आमच्या वऱ्हाडच्या कापसाला पहिली मोठी तेजी आली ती अमेरिकेतल्या यादवीमुळे, १८६१ ते ६५. दक्षिणेतला कापूस बंदरात अडला, मँचेस्टरच्या गिरण्यांना दुसरा कापूस हवा झाला. युद्ध संपलं, गुलामी गेली, त्यांचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि आमचे भाव पडले. गुलामी गेल्यावर त्या लोकांच्या हाती जमीन आली नाही, बटई आली. हर्ट म्हणजे त्याच बटईतला माणूस. त्याच्या गावाशी आमच्या गावाचा असा जुना हिशेब आहे हे मला आज लक्षात आलं.

---

सहावी_तार

@पांढरं_सोनं, हो, बटईचीच. मालकाकडून उचल, हंगाम संपला की मालकाच्या वहीतला हिशेब, आणि त्या वहीत काय लिहिलंय ते विचारायची सोय नाही. तुमचा प्रतिसाद वाचून मी त्याचे फोटो पुन्हा काढून बघितले. बोटं जाडजूड आहेत, पेरं फुगलेली. आणि आवाज इतका हलका, की तारेला हात लावतोय की नुसता सांगतोय असं वाटावं.

---

मेम्फिसकर

मी मेम्फिसला नोकरीला आहे, मूळ साताऱ्याचा. इथून दक्षिणेला दोन-अडीच तासांवर ॲव्हलॉन. तिथलं हर्टचं घर जळण्याआधी एकदा जाऊन आलो होतो.

ग्रीनवूडपर्यंत डेल्टा म्हणजे पाटासारखा सपाट. क्षितिजापर्यंत शेतं, मध्ये एखादं झाड. ॲव्हलॉनजवळ रस्ता एकदम वर चढतो आणि दोन्ही बाजूंनी झाडी अंगावर येते. फरक इतका अचानक आहे की गाडीत बसल्या बसल्या कळतं. माझं आपलं मत: सपाटीवरचा चार्ली पॅटन, सन हाऊस यांचा ब्लूज घशातून ओरडून येतो, आणि या चढावरच्या माणसाचा आवाज मात्र अंगणात बसून बोलल्यासारखा आहे, यात त्या जमिनीचाही वाटा असावा.

कबर झाडीत आहे, कच्च्या वाटेनं आत जावं लागतं. दगडावर कुणी नाणी ठेवली होती, कुणी गिटारची तार. त्याचं जुनं घर, खोलीमागे खोली अशी तीन खोल्यांची सरळ रांग, संग्रहालय म्हणून जपलं होतं. त्याची नात मेरी फ्रान्सिस हर्ट यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते घर जळून गेलं. बातमी वाचली तेव्हा कामावर होतो. उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. हॉस्किन्स दारात आला तेव्हा जॉनला वाटलं हा सरकारी पोलीस, एफबीआयचा. मी काही केलेलं नाही, तुमचा माणूस चुकलाय, असं त्याच्या मनात आलं. बहुतेक ठिकाणी हे गंमत म्हणून सांगतात. गंमत नाही ती. तारीख बघा: मार्च १९६३. ग्रीनवूड तिथून विसेक किलोमीटर. त्या हिवाळ्यात ग्रीनवूडच्या काउंटीनं गरिबांना मिळणारं सरकारी धान्य बंद केलं होतं, कारण काळे लोक मतदार यादीत नाव घालायला जात होते. २८ फेब्रुवारीला ग्रीनवूडजवळच जिमी ट्रॅव्हिस या कार्यकर्त्याच्या गाडीवर गोळ्या झाडल्या. जूनमध्ये जॅक्सनला काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घरासमोर मारलं, आणि मारणारा बायरन डी ला बेकविथ ग्रीनवूडचाच. अशा दिवसांत एक अनोळखी गोरा पोरगा उत्तरेतली गाडी घेऊन येतो आणि काळ्या माणसाचं नाव विचारतो. छातीत धस्स होणारच.

---

मृण्मयी_का

धागा आणि प्रतिसाद दोन्ही जीव लावून वाचले. एक विनंती करू का? आपण सगळे जॉन हर्ट यांचा उल्लेख एकेरीत करतोय. आपल्याकडे कलाकाराला एकेरी म्हणणं हे प्रेमाचंच असतं, लता गाते, कुमार गातो, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण मेम्फिसकरांनी वर्णन केलेल्या त्या मिसिसिपीत गोरा माणूस काळ्या माणसाला कधीच 'मिस्टर' म्हणत नसे. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यालाही नुसतं पहिलं नाव, नाहीतर 'बॉय', वय झालं की 'अंकल'. मालकाच्या दहा वर्षांच्या मुलाला मात्र 'मिस्टर अमुक'. अहोजाहो हा तिथे रोजचा लढा होता.

म्हणून वाटलं, मराठीत त्यांच्याबद्दल इतकं सविस्तर पहिल्यांदाच वाचतेय, तर इथे तरी ते 'हर्ट यांनी' असावेत.

---

सहावी_तार

@मृण्मयी_का, पटलं. मूळ धागा आता बदलता येत नाही, पण यापुढे अहोजाहोच.

---

जुनी_तबकडी

मला दोन्ही बाजू दिसतात. चाळीस वर्षं ज्याचा आवाज घरात ऐकतोय त्याला अहो म्हणताना माझी जीभ अडखळते. पण कारण ऐकल्यावर नाही म्हणवत नाही. प्रयत्न करतो.

---

त्रिताल

चांगली चर्चा. पण धागाकर्तीच्या मुख्य मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही, तेव्हा स्पष्ट लिहितो.

'हरवले नव्हते, घरीच होते' हे ऐकायला सुंदर आहे. पण हॉस्किन्स त्या दारात गेला तेव्हा हर्ट यांच्या घरात स्वतःची गिटारसुद्धा नव्हती. हॉस्किन्सनं आपली दिली, त्यावर त्यांनी वाजवून दाखवलं. पुढे न्यूपोर्टवाल्यांनी त्यांना गिल्ड कंपनीची गिटार घेऊन दिली. एवढ्या ताकदीच्या कलावंताकडे सत्तराव्या वर्षी वाद्य नाही, याला आपण 'समाधानानं घरी होते' म्हणणार का? पस्तीस वर्षांचं उत्पन्न बुडालं, पस्तीस वर्षांची गाणी ध्वनिमुद्रित झाली नाहीत. ती गेली, आता कुणाला मिळणार नाहीत.

शिवाय तो पोरगा गेला नसता तर १९६३ नंतरचं काहीच आपल्याकडे नसतं. 'रिचलँड वुमन ब्लूज' नसतं, 'कॉफी ब्लूज' नसतं. 'कॉफी ब्लूज'मधल्या शब्दांवरून जॉन सेबॅस्टियन यांनी आपल्या बँडचं नाव 'लव्हिन स्पूनफुल' ठेवलं, ते नावही नसतं. जॉन फेही, टॉम पॅक्स्टन, स्टीफन ग्रॉसमन ही सगळी पिढी त्यांच्या पायाशी बसून शिकली, तेही नसतं.

हे लोक शोधणं काही एकट्या हॉस्किन्सचं नव्हतं. त्याच वर्षी जॉन फेही आणि एड डेन्सन यांनी बुका व्हाइट यांच्या 'ॲबरडीन मिसिसिपी ब्लूज' या गाण्यावरून ॲबरडीनच्या पोस्टात पत्र टाकलं, 'बुका व्हाइट, जुने ब्लूज गायक' असा पत्ता घालून. पत्र फिरत फिरत मेम्फिसला त्यांच्या हातात पडलं. १९६४ च्या जूनमध्ये स्किप जेम्स टुनिकाच्या इस्पितळात सापडले, सन हाऊस रॉचेस्टरला. सन हाऊस तर वाजवणं विसरले होते, पुन्हा शिकावं लागलं. या पोरांनी धडपड केली नसती तर हे सगळे तसेच गेले असते. शोधणाऱ्याला श्रेय दिल्यानं कलावंत लहान होत नाही.

---

सहावी_तार

@त्रिताल, गिटार नव्हती हा मुद्दा मी टाळला होता, तो तुम्ही बरोबर पकडलात. माझ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं सोपं नाही हे मान्य.

पण तुमच्याच उदाहरणावरून एक सांगते. सन हाऊस यांना पुन्हा शिकावं लागलं. हर्ट यांना नाही. १९२८ चं 'लुई कॉलिन्स' आणि साठच्या दशकातलं 'लुई कॉलिन्स' लागोपाठ ऐका. आवाज खाली आलाय, लय निवांत झाली आहे, पण अंगठा तोच, एक कण इकडे-तिकडे नाही. गिटार स्वतःची असो की शेजाऱ्याची, त्या काळात तो हात कुठेतरी वाजत राहिला असणार. घरातल्यांसाठी, चर्चमधल्या मंडळींसाठी. रेकॉर्ड कंपनीनं पाठ फिरवली म्हणून संगीत थांबत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. थांबतो तो बाहेरच्यांचा कान.

आणि 'शोधणाऱ्याला श्रेय' द्या ना, जरूर द्या. पण मग करारही सांगा. शोधणाऱ्यांनी त्यांच्याबरोबर जो करार केला त्यावरून संगीत कंपन्यांत पुढे वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली, हर्ट गेल्यावरही. ज्या माणसाला १९२८ मध्ये काही पैसे देऊन वाटेला लावलं त्याच माणसाच्या नावावर हे भांडण.

---

त्रिताल

करार न्याय्य होता असं मी म्हणणार नाही. पण तेवढ्यामुळे त्या दारावरची थाप चुकीची ठरत नाही. इथे आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय, आणि त्याला माझी हरकत नाही.

एक पूरक मुद्दा मात्र मांडतो. ते ब्लूज गायक होते का? जाणकार त्यांना 'साँगस्टर' म्हणतात. म्हणजे कथागीतं, नाचाच्या चाली, रॅगटाइम, भजनं, ब्लूज, जे मागाल ते वाजवणारा गावचा माणूस. ब्लूज हा त्यांच्या पेटाऱ्यातला एक जिन्नस. कंपनीनं 'मिसिसिपी' लावलं आणि पुढच्या पिढीनं त्यांना डेल्टा ब्लूजच्या रांगेत उभं केलं. ते तिथे बसत नाहीत. त्यांची गिटार आणखी पूर्वेकडच्या, पीडमाँट भागातल्या वादकांना जवळची वाटते, आणि तरी तीही नाही, कारण ते तिकडे गेलेच नव्हते.

---

पांढरं_सोनं

काल रात्री सगळी गाणी ऐकली. इंग्रजी उच्चार सुरुवातीला कळेनात, मग शब्द समोर ठेवून ऐकली. 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज'पाशी थांबलो. यात हातोडा आहे, कुणी जॉन हेन्री आहे, तो कोण? आणि हे गाणारा हातोडा परत का देतोय?

---

मेम्फिसकर

@पांढरं_सोनं, जॉन हेन्री हा अमेरिकन लोककथेतला वीर. काळा मजूर, रेल्वेच्या बोगद्यासाठी हातोड्यानं खडकात पहार ठोकणारा. वाफेवरचं यंत्र आलं तेव्हा त्यानं यंत्राशी पैज लावली, जिंकला, आणि हातोडा हातात असतानाच मेला. त्याच्यावर शेकडो गाणी आहेत आणि बहुतेक गाण्यांत त्याचा पराक्रम गाजवलेला असतो.

हर्ट यांच्या गाण्यात नेमकं उलटं आहे. गाणारा म्हणतो: हा हातोडा घ्या, मुकादमाला नेऊन द्या, सांगा मी गेलो. याच हातोड्यानं जॉन हेन्रीला मारलं, पण मला नाही मारणार. इथून माझं गाव लांब आहे, मी चाललो.

हे गाणं त्यांना रुळांवर काम करताना एका कामगाराकडून मिळालं होतं. पोवाड्यासारखं वीराचं गाणं गाता येत असताना त्यांनी काम टाकून जिवंत घरी जाणाऱ्या माणसाचं गाणं निवडलं. आणि ते गातात कसं, तर अजिबात न चिडता. गिटारमध्ये तो ठेका चालूच आहे, हातोडा पडावा तसा, पण माणूस त्यातून निघून चाललाय.

---

पांढरं_सोनं

आता पुन्हा ऐकलं. आमच्याकडे सालदार साल मोडून निघून गेला की त्याला लोक नावं ठेवतात. त्याच्या बाजूचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं.

---

मृण्मयी_का

'लुई कॉलिन्स'बद्दलही कुणीतरी लिहायला हवं. गावात एका माणसाचा खून झाला, त्याची चर्चा हर्ट यांनी लोकांच्या तोंडून ऐकली आणि तेवढ्यावर गाणं रचलं. खुनाचं गाणं म्हटल्यावर बंदूक, सूड, फाशी असं काही येईल असं वाटतं. गाणं सुरू होतं ते आईपासून. मुलगा घराबाहेर पडतोय आणि ती रडतेय. पुढे गोळी एका ओळीत येऊन जाते, आणि दर कडव्याच्या शेवटी देवदूत त्याला निजवतात. चाल इतकी गोड आहे की मी ती माझ्या मुलीला झोपवताना गुणगुणत होते, शब्द नीट कळण्याआधी. कळल्यावरही थांबवली नाही. अंगाईच आहे ती, फक्त मोठ्या मुलासाठी.

गीतकार म्हणून त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं, सगळे बोटांबद्दल बोलतात. शब्द मोजके, विशेषणं जवळजवळ नाहीत, आणि दुःख कुणाच्या बाजूनं सांगायचं हे त्यांना नेमकं कळत होतं.

---

जुनी_तबकडी

न्यूपोर्टबद्दल एक राहिलं. १९६३ चा महोत्सव जुलैच्या २६ ते २८ तारखांना झाला. त्याच महिन्याच्या ६ तारखेला पीट सीगर आणि बॉब डिलन ग्रीनवूडजवळच्या शेतात मतदार नोंदणीच्या सभेत गायले होते. मेडगर एव्हर्स यांच्या खुनावरचं नवं गाणं डिलननं तिथे म्हटलं. म्हणजे एकाच महिन्यात उत्तरेतले गायक ग्रीनवूडला जाऊन गात होते आणि ग्रीनवूडच्या शेजारचा म्हातारा उत्तरेत जाऊन गात होता. सीगर यांनी नंतर हर्ट यांना आपल्या दूरदर्शन कार्यक्रमात बोलावलं, ते चित्रण आजही बघायला मिळतं. डोक्यावर ती फेल्ट हॅट, चेहऱ्यावर हसू, आणि नजर गिटारकडे अजिबात नाही. समोरच्या माणसाकडे बघून वाजवताहेत.

---

बोटं_झिजली

मी नाशिकला गिटार शिकवतो. धागाकर्तीच्या अंगठ्याबद्दल दोन शब्द.

तुम्ही अंगठा आणि बोटं एकदम सुरू करताय, तिथेच चूक होते. आठवडाभर फक्त अंगठा. पाचवी-चौथी, पाचवी-चौथी, आणि त्यावर तोंडानं गप्पा मारा, फोनवर बोला. बोलताना अंगठा चालू राहिला की समजा तो तुमच्या डोक्यातून हातात उतरला. मग चालीतला एकच सूर घ्या, जो अंगठ्याच्या ठोक्यावरच पडतो. अंगठा आणि बोट एकदम तार ओढतात, तिला चिमूट म्हणा. मग दुसरा सूर, जो दोन ठोक्यांच्या मधोमध पडतो. हर्ट यांचं सगळं सौंदर्य या मधल्या सुरांत आहे.

त्या चित्रणात त्यांचा उजवा हात थांबवून थांबवून बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट एवढीच कामाला. उरलेली गिटारच्या अंगावर टेकलेली, त्यामुळे हात हलत नाही आणि अंगठ्याला आपली तार न बघता सापडते. सुरुवात 'लुई कॉलिन्स'नंच करा, सी कॉर्डमध्ये आहे. 'फ्रँकी'च्या वाटेला इतक्यात जाऊ नका, ते वेगळ्या ट्यूनिंगमध्ये आहे, जी कॉर्ड मोकळ्या तारांवर वाजेल अशी गिटार लावावी लागते, शिवाय १९२८ ची त्याची गती अंगावर येणारी आहे.

---

सहावी_तार

@बोटं_झिजली, मनापासून आभार. करंगळीशेजारचं बोट मी हवेत ठेवत होते. काल ते टेकवलं. आईशी भाजीवरून बोलत बोलत बारा मिनिटं अंगठा चालू ठेवला, एकदा अडखळला. सी वरून एफ ला जाताना अंगठ्यानं सहावी तार घ्यायची की चौथीवर राहायचं? चित्रणात त्यांचा डावा अंगठा मानेवरून वळून वरून सहावी तार दाबतोय असं दिसतंय. माझा तिथपर्यंत पोचत नाही, हात लहान आहे.

---

बोटं_झिजली

बरोबर बघितलंत, ते वरूनच दाबतात. हात लहान असेल तर सध्या चौथी आणि तिसरी तार घेऊन ठेका चालू ठेवा, सहावी सोडून द्या. महिनाभरानं मनगट थोडं पुढे काढून पुन्हा प्रयत्न करा आणि काय होतंय ते इथेच लिहा.